मुलीचे मामा

१९ मार्च
सकाळी फटाके. दुकानाचं शटर वर करत होतो, तेवढ्यात समोरचा हॉटेलवाला ओरडला, "दाजी, पेढे काढा! मेव्हण्याला लोकसभेचं तिकीट भेटलं." म्हणजे अख्ख्या कुंभार पिंपळगावाला माझ्या आधी कळलेलं. मी बी-बियाणं विकतो, पेढे नाही, असं म्हणून आत गेलो.

घरी सौ.नं देवापुढं साखर ठेवलेली. दत्ता तिचा धाकटा भाऊ, एकुलता एक. आधी पक्षाचा तालुक्याचा खजिनदार, मग जिल्ह्याचा, मग मुंबईत बसून सगळ्या राज्याचा. जन्मात कधी ग्रामपंचायतीला उभा राहिला नाही. निवडणूक दुसऱ्याची, पैसा तिसऱ्याचा आणि रुबाब याचा. माझं जि.प.चं तिकीट यानंच कापलं, जालन्याच्या बिल्डरला दिलं. वर मला म्हणतो, "दाजी, तुमाला राजकारण झेपायचं न्हाई." नसतं झेपलं कदाचित. पण ते सांगणारा तू कोण?

गाव त्याला खजिनदारच म्हणतं. मीही इथं तेच लिहिणार, उद्या पंतप्रधान झाला तरी.

११ एप्रिल
बाजारतळावर सभा. सौ. ओढून घेऊन गेली. माईकवाला सांगतो, खजिनदार म्हणे रस्त्याच्या दिव्याखाली अभ्यास करून मोठे झाले! धादांत खोटं. शाळेची तीन वर्षं माझ्या घरात होता, माझ्या बल्बखाली. आणि अभ्यास कसला, पाय पसरून रेडिओ ऐकायचा.

मग खजिनदार स्वतः म्हणाला, "माझ्या अक्कानं मला भाकरी घातली," आणि रुमाल काढला. बायका रडल्या. सौ. तर हुंदके देऊन. घरी येताना मी म्हटलं, भाकरी तू घातलीस, ज्वारी कोणाची होती? तर म्हणते, "अजून मोजून राह्यलात व्हय?"

रागानं जेवलो नाही. नंतर जेवलो.

जून, निकालाचा दिवस
आला निवडून. जेसीबीतून फुलं, डीजे, गुलाल. दुकानातल्या बियाण्याच्या पिशव्यांवर सुद्धा गुलाल.

सौ. ओवाळायचं ताट घेऊन दारात. मिरवणूक गल्लीच्या तोंडाशी आली. त्यानं जीपवरून हात केला नि जीप पुढं गेली. सौ. म्हणाली, गर्दी किती होती, थांबणार कसा. ताट घेऊन बराच वेळ तशीच उभी. मला त्याची चीड आली आणि तिचीही.

२ ऑगस्ट
टीव्हीवर खजिनदार. लोकसभेत प्रश्न विचारला, रेल्वेच्या थांब्याबद्दल. कागदावरून वाचला. वाचता येतं, हे देशाला कळलं. वैशू (आमची लेक) मोबाईलवर शूटिंग घेत होती, "बाबा, गप बसा ना, मामाचा आवाज येईना."
पांढरा सदरा मात्र शोभतो त्याला. हे कुठं बोलायचं नाही.

२० ऑक्टोबर
जालन्याला त्याच्या बंगल्यावर गेल्तो. सौ.नं फराळाचा डबा दिलेला. गेटवर टोकन. एक पोरगा विचारतो, नाव, गाव, काम? म्हटलं, मी साहेबांचा दाजी. तो म्हणे, "इथं सगळेच दाजी राह्यतात." दोन तास प्लास्टिकच्या खुर्चीवर. शेजारी एक म्हातारा पोराच्या बदलीचा अर्ज घेऊन. डबा त्यालाच दिला. चिवडा बराबर झालाय म्हणाला.
घरी सांगितलं, पोचवला डबा.

६ डिसेंबर
वैशूचं जमलं. मुलगा बदनापूरचा, किरण. कृषी खात्यात आहे, शांत आहे, वैशूला पसंत. व्याही सरळ माणूस. देणंघेणं काही नको म्हणाले. उठता उठता फक्त एवढंच, "खासदारसाहेब मामा म्हणून पाठीशी उभे राहतील ना? आमच्या पाहुण्यांना लई कौतुक." चहा कडू लागला. पोरगी माझी, कौतुक त्याचं.

९ डिसेंबर
भांडण. मी म्हटलं, मामा म्हणून तीर्थपुरीचा बंडू उभा करू. सौ.चा चुलतभाऊच तो. गरीब माणूस, येतो, मांडव घालू लागतो, पंगतीत वाढतो. सौ. पीठ मळत होती, हात तसेच पिठाचे घेऊन बाहेर आली.
"तुमचं वैर तुमच्यापाशी ठेवा. माझ्या लेकीच्या पाठीशी माझा सख्खा भाऊ उभा राहील. आईच्या माघारी मला माहेर म्हणून त्यो एकटाच हाय."
किल्ली घेऊन दुकानात गेलो.

३ फेब्रुवारी
लग्नाची तारीख खजिनदाराच्या अधिवेशनाप्रमाणं. आधी पंचांग बघायचे, आता दिल्ली बघायची. शेवटी मे महिना ठरला.

२८ एप्रिल
त्याच्या पीएचा फोन. "त्या दिवशी साहेबांकडं भरपूर लग्नं आहेत, पण तुमचं मी सकाळच्यात घेतलंय." तुमचं घेतलंय! बँकेत नंबर लागल्यासारखं. मी फोन सौ.कडं दिला. ती त्या पोराला "हो दादा, हो दादा" करत राहिली.

मे, हळदीचा दिवस
खजिनदार नाही आला. फोन आला. सौ.नं स्पीकरवर लावला, सगळ्या बायकांना ऐकू यावं म्हणून. "अक्का, उद्या मीच आणतो वैशूला मांडवात. बिलकुल काळजी करू नको." बायका खूश. सौ.च्या तोंडावर हळद, त्यात ती हसली की लहान दिसते.
मनाशी म्हटलं, उद्याच्या दिवसापुरतं वैर बाजूला. बघू जमतं का.

लग्नाचा दुसरा दिवस
काल लिहायची ताकद नव्हती.

मुहूर्त टळला, खजिनदार नाही. भटजी घड्याळ बघून बघून थकले. वऱ्हाड उन्हानं हैराण. शेवटी गाड्यांचा धुरळा दिसला. पंचवीस माणसं बरोबर, निम्मी फोटोवाली. मी दारात शाल-श्रीफळ घेऊन उभा. मिठी मारली मला. वास अत्तराचा.

तसाच मंचावर गेला. सूत्रसंचालकानं माईक दिला. हे आपल्याकडं आता रोजचंच आहे. पुढारी येतो, आशीर्वादाचं भाषण करतो, पुढल्या लग्नाला जातो. त्याचंही तेच. "नवरदेवाच्या वडलांचे नि माझे जुने संबंध" (व्याह्यांना त्यानं जन्मात पाहिलं नव्हतं), "दोन्ही घराणी संस्कारी," "वधूवरांना कोटी कोटी शुभेच्छा." नवरदेव पाटाशी उभा, वैशू अजून आतल्या खोलीत. म्हणजे शुभेच्छा कोणाला, देव जाणे. समोरच्या ताटातल्या चार अक्षता घेतल्या, मोकळ्या हवेत उधळल्या, हात जोडले, उतरला.

मला वाटलं, वैशूला आणायला खोलीकडं निघाला. तो गेटकडं निघाला. माणसांचा गराडा त्याच्याबरोबर. गाड्या सुरू झाल्या.

आणि नेमकं तेव्हा माईकवरून, "मुलीच्या मामांनी मुलीला मांडवात आणावं."
परत, "मुलीचे मामा."
तिसऱ्यांदा म्हणताना त्या माणसाचाच आवाज खाली गेला.

वऱ्हाडात कुजबुज. व्याही माझ्याकडं बघतात, मी धुरळ्याकडं. खरं सांगायचं तर क्षणभर मला बरं वाटलं. आता तरी हिला कळेल. लगेच लाज वाटली. बंडूला खूण केली, त्यानं वाढपाचं उपरणं सोडून खांद्यावर नीट घेतलं, निघाला.

तेवढ्यात सौ. खोलीतून बाहेर. वैशूचा हात धरलेला. आईनं लेकीचं लग्न लागताना बघायचं नाही. आमच्यात ती तुळशीपाशी पाठ करून बसते. माझी आईही बसल्ती. भटजी म्हणाले, "बाई, तुम्ही नका..." सौ.नं ऐकलंच नाही. वैशूला पाटावर उभी केली आणि तिच्या मागं, मामाच्या जागी, आपण उभी राहिली. बंडू म्हणाला, "अक्का, मी हाय ना." ती म्हणाली, "मामा गेला तर मामाची बहीण हाय. म्हणा मंगलाष्टकं."

म्हटली. अंतरपाट दूर झाला तेव्हा आईनं लेकीचं लग्न डोळ्यांनी बघितलं. रडली नाही. मी रडलो, सगळ्यांदेखत.

लग्नानंतर चार दिवस
खजिनदाराचा फोन मलाच. "दाजी, दिवसात दहा-बारा लग्नं असत्यात. चढायचं, बोलायचं, उतरायचं. सवयीनं पायच उतरले हो माझे. वैशूला आणायचं राह्यलं, हे तीर्थपुरीच्या अलीकडं ध्यानात आलं."
मग गाडी का नाही फिरवली?
"पुढच्या लग्नाचे लोक थांबल्ते ना, दाजी."
मी फोन आपटला. दहा वर्षं मनात जमवलेल्या शिव्या, वेळेवर एक आठवली नाही.
सौ.ला सांगितलं. ती वैशूच्या रुखवताची उरलेली भांडी पुसत होती. पुसत राहिली.

जून, रविवार
आज दुपारी खजिनदार आला. एकच गाडी. फोटोवाले नाहीत. ओसरीवर बसला, चपला बाहेर काढून. माझ्याशी दोन शब्द पावसापाण्याचे.

मी याच दिवसाची वाट बघत होतो. उठ, चालता हो, असं म्हणायचं ठरलेलं होतं. पण हा माझा हिशेब राहिलाच नाही, तिचा झालाय.

सौ.नं पाणी दिलं. समोर बसली.
"अक्का, चुकलं."
"नवरदेव कसा हाय रे दिसायला?"
"चांगला हाय की."
"काळा का गोरा?"
त्यानं मान खाली घातली. उंच का बुटका, तिनं विचारलं. फोन वाजला, त्यानं बंद केला. परत वाजला, परत बंद केला. इतक्या वर्षांत त्याला फोन बंद करताना आज पहिल्यांदा बघितला.

मग म्हणाला, "काय करू सांग. तू म्हणशील ते."
सौ. चहा टाकायलाही उठली नाही.

मला त्याची दया येत नाही, आणि यायचं कारणही नाही. पण दोघांकडं बघत तिथं बसवेना, म्हणून आत येऊन हे लिहून राह्यलो. तासभर झाला असेल. ती बोलत नाही, तो उठत नाही. बाहेर त्याचा ड्रायव्हर गाडी चालूच ठेवून बसल्ता. आत्ता जाऊन त्याला इंजिन बंद करायला सांगून आलो.