एक नंबरची चावी

३ डिसेंबर

गाडी पुन्हा मेली! परवा ट्रॅक्टरच्या बॅटरीला वायरी जोडून कशीबशी सुरू केली होती. आज तर दार उघडायलाही तयार नाही. शिरूरला बैठक होती — बातमी फोनवरून विचारून लिहिली. असं किती दिवस चालणार?

सासूबाई म्हणाल्या, "भारत असता तर..." त्याला जाऊन वर्ष होत आलं. अजून प्रत्येक बिघाड तिथंच येऊन थांबतो.

५ डिसेंबर

कारेगावहून हनुमंत आला. भारतचा कंपनीतला दोस्त, आता गाड्या दुरुस्त करतो. मोटरसायकलला मागे नवी बॅटरी बांधलेली. मला वाटलं, जुनी काढायची, नवी ठेवायची, झालं. तर त्यानं लॅपटॉप जोडला!

"गाडीला सांगावं लागतं वहिनी, जुनी गेली म्हणून. न्हाईतर ती जुनीच हाय असं धरून चालती."

मग स्क्रीनवरच्या नोंदी वर-खाली करून बघितल्या.

"हिला रोज रात्री कोणतरी उठवतंय. चावी जवळ आली की ही जागी होती, कुलूप उघडती. म्हणून बॅटरी उतरती. एक नंबरची चावी दिसतीय. तुमची कितवी?"

माझी दोन नंबरची. एक भारतची. तो गेल्यापासून ती सापडलेली नाही.

संध्याकाळी सासूबाईंना विचारलं. शेंगा निवडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "त्याची चावी त्याच्यापाशी हाय."

भारतची राख आम्ही घोड नदीत सोडली नाही. घराला लागून शेत आहे, तिथं खड्डा घेतला, राख घातली, वर आंबा लावला — हल्ली इकडं पुष्कळजण तसंच करतात. तर आईंनी त्यातच चावी टाकली होती. आणि मी गाडी रोज त्या आंब्याला खेटून लावते!

हसूच आलं. म्हणजे एवढंच होतं.

७ डिसेंबर

आई बाजारला गेल्यावर हनुमंतनं खुरप्यानं उकरलं. मी रोप धरून बसले. चावी निघाली. त्यानं ती उघडली — आतला सेल गंजून हिरवा पडलेला, त्यातून गढूळ पाणी आलं.

"ही कवाच मेलीय, वहिनी. हिच्यानं गाडी उठायची न्हाई."

"मग कशानं उठते?"

त्यानं चावी पुसून माझ्या हातात ठेवली. म्हणाला, "एक नंबर गाडीतनं पुसून टाकू का? न्हाईतर ही बॅटरी बी उतरंल. पर मग भारतची वळख हिच्यात राहायची न्हाई. त्यानं लावलेली सीट, आरसे, समदं जाईल."

गाडीत जाऊन बसले. एक नंबरचं बटण दाबलं. सीट हळूहळू मागं सरकली, आरसे वर झाले. माझे पाय पोचेनात. तशीच बसून राहिले.

पण शिरूर, दौंड, रोजच्या बातम्या — गाडी नसेल तर नोकरी राहणार नाही. पोट त्यावर आहे, आईंचं आणि माझं.

"पूस," म्हणाले.

चावी होती तिथंच पुरली. आईंना यातलं काही सांगायचं नाही, असं दोघांचं ठरलं.

१० डिसेंबर

बॅटरी ठणठणीत. दौंडला जाऊन आले. बातमी वेळेत!

११ डिसेंबर

सकाळी आईंनी चहा आणला, पण कप हातातच धरून उभ्या राहिल्या.

"अनिता, गाडीला काय केलंस गं? भारत रोज रात्री आंब्यापाशी थांबून माघारी जातोय. म्हणतो, आई, गाडी मला वळखंना झालीय."