लाइलच्या नावाची वीट

प्रिय लाइल,

तू जिवंत आहेस हे कळलं आणि मी ऑफिसच्या जिन्यात बसून ढसाढसा रडले. हसू नकोस. सोळा वर्षांत नाताळाची तीन कार्डं धाडणाऱ्याला हसायचा हक्क नाही.

आपल्या गावात माजी राष्ट्राध्यक्षांच्या नावाचं ग्रंथालय आणि संग्रहालय उभं राहतंय, हे तू वाचलं असशील. इमारत सरकार बांधत नाही. ती लोकांनी बांधून द्यायची, मग आतली कागदपत्रं सरकार सांभाळणार. देणग्या गोळा करायचं काम माझ्या गळ्यात पडलंय. बड्या लोकांची नावं भिंतीवर, आपल्यासारख्यांची अंगणातल्या विटांवर. चर्चमध्ये पॅनकेक विकून विकून माझ्या केसांनाही सिरपचा वास येतो. डॅडनी मात्र पहिल्याच दिवशी बजावलं, "त्या माणसाच्या इमारतीला माझ्या दुकानातला एक खिळा मिळणार नाही!" निवडणुकीच्या वेळी तू दुकानाच्या भिंतीवर त्याच माणसाचं नाव हातभर अक्षरांत रंगवलंस आणि डॅडनी तुला घराबाहेर काढलं, ते मी विसरले नाहीये.

सोमवारी मी कोरायच्या विटांची यादी तपासत होते. त्यात दिसलं, 'लाइल हॉवलंड यांच्या आठवणीत'. देणगीदार, पामर हॉवलंड, म्हणजे आपले डॅड! अर्जावर दोन चौकोन असतात. 'आठवणीत' गेलेल्यांसाठी, 'सन्मानार्थ' जिवंत माणसांसाठी. वाटलं, डॅडना काहीतरी कळलंय आणि ते माझ्यापासून लपवतायत. त्यांना विचारायचा धीर होईना. तुझ्या शेवटच्या कार्डावर अलास्कातल्या कोडियाकचा शिक्का होता, म्हणून तिथल्या मासळीच्या कारखान्यांना एकामागून एक फोन लावले. चौथ्या ठिकाणी एक बाई खेकसली, "लाइल ना? आत्ताच माझा डबा फस्त करून बोटीवर गेलाय!" तिचे उपकार मी जन्मभर विसरणार नाही.

मग दुकानात जाऊन डॅडना फैलावर घेतलं. ते मान खाली घालून खिळे निवडत राहिले. म्हणाले, "सन्मान कशाला करू त्याचा? माझी भिंत खराब केली त्यानं. आठवण येते, म्हणून तिथं खूण केली. त्यात मेलं कोण?"

आता पत्राचं कारण. जिवंत माणसाच्या विटेवर 'आठवणीत' चालत नाही, आणि डॅड खूण बदलायला तयार नाहीत. मी हट्टच धरला तेव्हा म्हणाले, "तो इथं आला तर नुसतं नाव कोरा. समोरच्या माणसाची आठवण कशाला काढायची?" तुझी वीट मी अडवून ठेवलीय. कोरणारा तेवीस तारखेला येतोय, तू त्याच्या आधी ये. आणि हो, डॅडनी गेल्या वर्षी दुकान नव्यानं रंगवलं. ती एक भिंत सोडून.

तुझीच, अजून सिरपच्या वासाची,
मार्लिस