रांगेतली फेरी

सिस्टर, आपला दवाखाना आता तुम्हाला ओळखू यायचा नाही. पत्र्याच्या व्हरांड्याच्या जागी काचेचं दार आलंय, डिजिटल एक्स-रे आहे, लिफ्ट आहे. गल्लीतल्या बायका बीपी तपासायच्या निमित्तानं लिफ्टमधून वर-खाली करून जातात आणि मी बघून न बघितल्यासारखं करते. लांबच्या मोठ्या रुग्णालयात जाऊन ताटकळावं लागू नये, एवढंच मोहल्ल्याचं मागणं होतं, ते पुरं झालं. मेट्रन झाल्यावर ओपीडीत टोकनचं मशीन बसवायचा हट्ट मात्र माझा. रांगेतली ढकलाढकली थांबली, मी भलतीच खूश होते. त्याच दिवसापासून रांगेतून फिरायची तुमची सकाळची फेरी मी बंद केली.

मी नवीन होते तेव्हाची एक सकाळ सारखी आठवते. मी टेबलामागं बसून नावं लिहितेय आणि तुम्ही करमाडच्या बसमधून उतरून थेट माझ्यापुढं उभ्या, पिशवी अजून खांद्यालाच. “बसल्या जागी ताप कळतो व्हय गं? ऊठ!” सगळ्या रांगेसमोर बोललात. असा राग आला होता तुमचा! पण उठले, तुमच्या मागं मागं चालत राहिले. तुम्ही प्रत्येकाच्या मानेला उलटा हात लावता, “काय होतंय?” विचारता, आणि ज्याच्यात थांबायचं त्राण नाही त्याला दंडाला धरून आत नेता. मागून कुणी कुरकुरलं तर म्हणता, “आज ह्यांचं आधी. तुमच्यावर वेळ आली तर तुमचं आधी.” यावर कुणी वाद घातलेला मला आठवत नाही.

मशीन बसून पंधरा दिवस झाले असतील. बाजारात रफूचं काम करणारे चाचा आले होते, तुम्ही ओळखायचात त्यांना, तुमची शाल त्यांनीच सांधली होती. त्यांनी टोकन घेतलं आणि कडेवर लेकरू असलेल्या बाईला देऊन टाकलं, तिचं मागच्या नंबरचं स्वतःकडं ठेवलं. मग एका म्हातारीला पुढं केलं. आपल्याकडची माणसं अशीच, अदब सोडायची नाहीत. पडद्यावर आकडे बरोबर सरकत होते, कुणाचंच काही चुकत नव्हतं, आणि चाचा मागं मागं जात होते. मी कशासाठी तरी खाली आले, तर ते डावा खांदा चोळत बसलेले. विचार करायच्या आधीच माझा उलटा हात त्यांच्या मानेला लागला. मान गार, घामानं भिजलेली. “मेरेकू जल्दी नै बेटी, पहले इनकू देख लो,” ते म्हणाले. मी ऐकलं नाही. ईसीजी काढला, डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, आपल्याच अँब्युलन्समधून मोठ्या रुग्णालयात पोचवलं. त्या दुपारी मी स्टाफरूममध्ये बसून रडले. आणखी दोन जणांना त्यांनी पुढं जाऊ दिलं असतं तर काय, हे डोक्यातून जात नव्हतं.

चाचा बरे आहेत. आठवड्याला येतात आणि नव्या माणसांना दटावतात, “टोकन किसीकू मत देना.” मशीन आहेच, पण आता दर तासाला एक सिस्टर हॉलमधून फिरते, मानेला हात लावते, आणि ज्याला थांबवणार नाही असं वाटेल त्याला टोकन न बघता आत नेते. नव्या मुली आधी फोनमध्ये डोकं घालून बसायच्या. आता त्यांचे हात तयार होतायत. सकाळी मी जिन्यावर उभी राहून बघते तेव्हा फार बरं वाटतं.

तुम्ही गेलात, आता हे पत्र टाकायला पत्ता नाही, माझ्याच कपाटात राहील. म्हणून खरं ते लिहिते. मागच्या बैठकीत ट्रस्टच्या अध्यक्षांनी ‘मेट्रनबाईंची नवी पद्धत’ म्हणून त्या फेरीचं कौतुक केलं. ती तुमची आहे हे सांगायलाच मी उभी राहिले होते. पण टाळ्या वाजल्या, त्या गोड लागल्या, सिस्टर, आणि मी नमस्कार करून खाली बसले.