बाबांना दिसतील असे ओठ

माय, तुला जाऊन इतकी वर्षं झाली आणि आज लिहायला बसले ते ओठांबद्दल. हसशील. हस. तुझ्या लेकीनं पन्नाशीला टेकल्यावर अकोल्याला जाऊन ओठांत इंजेक्शनं घेतली, ओठ भरून घेतले, आणि मग दुसऱ्या डॉक्टरकडे जाऊन ते उतरवून घेतले. भाचीच्या लग्नाचे फोटो आले होते. त्यात माझे ओठ म्हणजे नुसती रेघ. शाळेतल्या एक मॅडम करून आल्या होत्या, त्यांना शोभत होते. म्हणाल्या, जरासंच भरतात, कुणाला कळतही नाही. कळत नाही कसलं! वरचा ओठ एका बाजूनं जाड, आत दाणा हाताला लागतो, हसायला गेलं की सगळं ताठ. हे संध्याकाळी घरी आले आणि दारातूनच म्हणाले, "काय वं, गांधीलमाशी चावली काय?" वर्गातल्या पोरी वह्यांत तोंड खुपसून हसल्या. ते सगळं मी सोसलं असतं. खरं सांगू का, सुरुवातीचे काही दिवस आरशात बघून मला बरंच वाटत होतं. पण बाबांना माझं बोलणं समजेना.

बाबांचे कान जिनिंगात, कापसातून सरकी काढायच्या यंत्रांच्या खडखडाटात गेले, ते माझ्या जन्माच्याही आधी. शाळेचं तोंड त्यांनी पाहिलं नाही, म्हणजे लिहून दाखवायची सोय नाही. कानातलं मशीन आणलं होतं, ते डबीत पडून आहे; नुसती भणभण होते म्हणतात. माणूस सगळं बघूनच ऐकतो, आणि नीट समजतं ते फक्त आपल्या दोघींचं. तू मला त्यासाठी तयार केलंस. वडनेरच्या त्या सैपाकघरात तू बाबांना पाटावर बसवतेस, मला त्यांच्यासमोर, चुलीच्या जाळाचा उजेड माझ्या तोंडावर पडेल अशी. "ओठ खाऊन बोलू नोको. आधी घास गिळ, मंग बोल. त्याईले दिसलं पाह्यजे." तव्यावर भाकर करपते आहे आणि तू मला पुन्हा 'पाणी' म्हणायला लावते आहेस. मी कंटाळून रडकुंडीला येते, तरी सोडत नाहीस. आणि एकदा कानाशी येऊन म्हणालीस, "नुसतं हाव हाव करून राह्यले तं समजजो, त्याईले काहीच समजलं नाही." मला तेव्हा गंमत वाटली होती, एवढा मोठा माणूस खोटं खोटं हो म्हणतो याची.

तू गेल्यापासून बाबा माझ्याकडेच आहेत. ओठ भरल्यावर ते माझ्याशी तसंच हाव हाव करायला लागले. प, ब, म म्हणताना ओठ नीट मिटतच नव्हते माझे. मी 'बाबा' म्हटलं तरी त्यांना ते दिसत नसेल. मी आवाज चढवला, आता बघ मूर्खपणा, बहिऱ्या माणसापुढे आवाज! गोळी घेतली का, हाव. जेवता का, हाव, आणि उठून बाहेर ओट्यावर जाऊन बसले. वाटलं, वय झालं, नजर मंदावली असेल. म्हणून त्यांना नांदुऱ्याला डोळे दाखवायला नेलं. डोळे ठीक निघाले. मी म्हटलं, इथे बाकावर बसा, मी तुमच्या रोजच्या गोळ्या घेऊन येते. हाव म्हणाले. परत येते तर बाक रिकामा. रस्त्यावर कितीही हॉर्न वाजले तरी या माणसाला काय कळणार? धावत गेले, तर एसटी स्टँडवर उन्हात उभे, पिशवी छातीशी धरून. मला बघून ओशाळं हसले. मी भर स्टँडवर रडले, माय. त्या दिवशी ठरवलं, हे काढायचं.

नवी डॉक्टरीण तरुण होती, पण घाईची नव्हती. आधी हातावर थोडंसं टोचून, खाज येते का ते बघत बसवून ठेवलं. मग ओठांत विरघळवायचं इंजेक्शन. चांगलीच आग झाली, आणि रात्रीपर्यंत ओठ पहिल्याहून जास्त सुजले. "भरलेलं तेवढंच जाईल ना, माझं काही जाणार नाही ना?" असं मी तिला लहान पोरीसारखं विचारत होते. म्हणाली, घाबरू नका, सूज उतरली की तुमचेच ओठ दिसतील. कशाला काढताय, असंही तिनं विचारलं. पसंत नाही, एवढंच सांगितलं. एकदा टोचून पुरलं नाही, दाणा राहिला होता, तेव्हा पुन्हा जावं लागलं.

सूज उतरली त्या सकाळी मी ओट्यावर बाबांसमोर जाऊन बसले. म्हटलं, "बाबा, चहा ठेवू काय?" ते माझ्या तोंडाकडे बघतच राहिले. मग म्हणाले, "गेला काय राग?"

"कायचा राग?"

"मले वाटलं रुसली तू. तुही माय रागावली की अशीच तोंड मिटून बोले, मले दिसू नये म्हनून. म्हटलं पोरीनं बी तेच धरलं. म्हाताऱ्याचं करून करून थकली असन."

"मंग इचारलं काऊन नाही?"

"इचारलं असतं अन् तू हाव म्हनली असती तं? मी कुठी जाऊ मंग?"

मी त्यांचा हात धरला. सांगितलं, मी रागावली नव्हती बाबा, ओठांत औषध भरलं होतं, आता काढून टाकलं. एकूण एक शब्द त्यांना समजला. "कायले भरलं?" चांगलं दिसाले, म्हटलं. खोकला येईस्तोवर हसले. मग डोळे पुसून म्हणाले, "दिसत तं चांगली होती. पन बोलत नव्हती ना."

आत्ता मी लिहिते आहे तर येऊन विचारून गेले, कोनाले लिवून राह्यली? मायले, म्हटलं. त्यांना त्यात काही वावगं वाटलं नाही. "मंग लिव, पोरगी बोलते माह्याशी." लिहिलं बघ.

हे कुठं धाडायचं नाहीच, म्हणून एक सांगते. रागावली नव्हती असं मी त्यांना म्हटलं, ते पुरतं खरं नाही. रागावले होते, तुझ्यावर. कितीतरी वर्षांपासून. तू आधी निघून गेलीस आणि त्यांच्याशी बोलायला मला एकटीला ठेवलंस म्हणून. माझ्या तोंडावरचं सगळं त्यांना कळतं, त्यामुळे हे मी कधी ओठांवर आणलं नाही. त्यांना अक्षर येत नाही, म्हणूनच लिहायचं धाडस झालं.