रिकामा तास

६ जुलै, शनिवार

आज मला चाळीस मिनिटं गप्प बसायचा हुकूम होता. मला!

मोठ्या बाईंचं नवीन खूळ. मुख्याध्यापिका झाल्यापासून त्यांना दर वर्षी काहीतरी सुचतंच. आता दर शनिवारी शेवटचा तास रिकामा. शिकवायचं नाही. टेबलावर खोकी, झाकणं, बुचं, दोरे, चिंध्या ओतायच्या आणि मुलांना सोडून द्यायचं. बाईंनी सुचवायचं नाही, हात लावायचा नाही, ‘छान’सुद्धा म्हणायचं नाही. “मुलांना जरा स्वतःचं डोकं चालवू दे. त्यांच्या वाटचं आपणच चालवतो.” हे म्हणताना माझ्याकडेच का बघत होत्या कोण जाणे.

एकोणीस वर्षं मुलांना ‘हाताची घडी, तोंडावर बोट’ सांगतेय. आज माझ्यावर पाळी. फळ्याच्या कोपऱ्यात रेघा ओढत होते — बोलले की एक रेघ. तास संपला तेव्हा अकरा रेघा.

मुलं मात्र तुटून पडली. एकीनं बुचांची माणसं करून त्यांची शाळा भरवली — आणि बाई म्हणून सगळ्यात मोठं बूच! एकानं चपलेला दोरा बांधून तिला फिरायला नेलं. वर्गात छत्तीस मुलं. पस्तीस काही ना काही करत होती. एक मूल हात बांधून बसलं होतं.

ते माझं.

७ जुलै, रविवार

ठमी माझ्याच वर्गात आहे, तिसरीत. दुसरी तुकडीही आहे, पण तिथल्या धाकट्या बाईंना शाळेत येऊन दोनच वर्षं झालीत, आणि वर्ग म्हणजे नुसता सावळा गोंधळ. म्हणून मीच मागून घेतली माझ्याकडे. शाळेत मला ‘बाई’ म्हणायचं, घरी ‘आई’. पोरगी शहाणी, एकदाही चुकली नाही.

ह्यांना सांगितलं, ती नुसती बसून होती. हे घड्याळ उघडून बसले होते — दुकानातलं काम घरी आणायची हौस! — वर न बघता म्हणाले, “बसू दे की. रिकामाच तास ना तो?”

ह्यांच्याशी बोलण्यात अर्थ नाही.

१३ जुलै, शनिवार

सात रेघा. ठमी आजही ढिम्म. एक झाकण उचललं. माझ्याकडे बघितलं. ठेवून दिलं. दोरा उचलला, माझ्याकडे बघितलं, ठेवून दिला. लक्ष कुठं असतं कोण जाणे. मी तर काही बोललेही नाही. फक्त ‘घे, घे’ अशी मान हलवली. मान हलवली तर रेघ ओढायची का, हे विचारायला हवं.

१७ जुलै, बुधवार

घरी थोडा सराव घ्यायचं ठरवलं. जेवायच्या टेबलावर तीन खोकी आणि दोरे ठेवले. म्हटलं, “कर हं तुला काय वाटेल ते. अगदी मोकळेपणानं.” आणि समोर बसले.

“काय करू?”

“तुला वाटेल ते.”

“पण तुला काय हवंय?”

“मला काही नकोय गं! तुझ्या मनातलं कर!”

आवाज चढला. मनातलं काढ म्हणून कुणी ओरडतं का? नंतर माझं मलाच हसू आलं, पण तेव्हा ठमी दप्तर आवरायला निघून गेली होती.

२० जुलै, शनिवार

चार रेघा! आणि तरीही काही नाही. ठमीनं दोरे रंगाप्रमाणे लावून ठेवले, बुचं मोजून रांगेत. टेबल कसं लख्ख. मला बरं वाटलं आणि लगेच वाईटही वाटलं.

चपलेला फिरवणाऱ्यानं आज चपलेचं लग्न लावलं. जोडीतल्या दुसऱ्या चपलेशी नाही. बुटाशी!

३ ऑगस्ट, शनिवार

दोन रेघा. मोठ्या बाई दारातून बघून गेल्या. जाताना म्हणाल्या, “तुमची जरा घुमीच आहे, नाही?”

घुमी आहेच. माझ्या सासऱ्यांवर गेलीय. तेही दिवसचे दिवस बोलायचे नाहीत. ठमी घरात तीन शब्द बोलेल — हो, नको, झालं. पण मूल घुमं असणं वेगळं आणि डोकं रिकामं असणं वेगळं. असं मी माझ्या पोरीबद्दल कसं लिहिलं? खोडत नाही. लिहिलं ते लिहिलं.

भीती आहे ती हीच. दुसऱ्यांच्या छत्तीस-छत्तीस पोरांना एकोणीस वर्षं वळण लावलं, आणि माझ्या एकुलतीला काही सुचतच नाही.

१० ऑगस्ट, शनिवार

एकही रेघ नाही! कुणी शाबासकी द्यायला नाही, म्हणून इथं लिहून ठेवते.

मोठ्या बाईंनी जाहीर केलं — चोवीस तारखेला पालकांसाठी मांडणी. प्रत्येक मुलानं केलेली एक वस्तू टेबलावर, आणि शेजारी उभं राहून मुलानंच सांगायचं. ते बघून रिकामा तास पुढं चालवायचा की बंद करायचा ते ठरणार.

प्रत्येक मुलानं, म्हणाल्या.

१५ ऑगस्ट, गुरुवार

ह्यांना म्हटलं, तुम्ही तरी बोला तिच्याशी. ती रोज दुकानात तुमच्याजवळ तासभर बसते.

हे म्हणाले, “अगं, गिऱ्हाईक काउंटरवर कोपरं टेकून माझ्या हातांकडे टक लावून बसलं ना, तर माझ्याही हातून स्क्रू पडतो. आणि मी बावीस वर्षं हेच करतोय.”

“म्हणजे मी काय करते?”

“मी स्क्रूचं सांगितलं.”

असे आडून बोलतात आणि वर साळसूद चेहरा! मी भांडीच जोरात आपटली.

२२ ऑगस्ट, गुरुवार

पस्तीस वस्तू कपाटात ठेवून झाल्या. छत्तिसावी जागा रिकामी.

२३ ऑगस्ट, शुक्रवार

सुचलं! सुचलं पोरीला!

शाळेतून आल्यावर मी कपडे वाळत घालत होते. आत आले तर टेबलाशी ठमी. बुटांचं मोठं खोकं उभं केलेलं, आणि त्याच्या आतल्या छतापासून दोरे लोंबताहेत — वीस-पंचवीस तरी, काही लांब, काही अगदी आखूड. टोकांना चिंध्यांच्या गाठी. जीभ दातात धरून चिकटवत होती. मी दारातच थांबले. डोळे भरून आले, खरंच.

मग म्हटलं, “घर का गं हे?” ती काही बोलली नाही. म्हणजे घरच. मग मीच म्हटलं, घराला दार नको का? कात्री जड, तिला झेपत नाही, म्हणून तेवढं मी कापून दिलं. दार झालं तर खिडकी हवी. खिडकीला पडदा — त्यासाठी आतले दोनचार दोरे काढावे लागले. छप्पर लाल कागदाचं. खाली जुन्या वहीच्या पुठ्ठ्याचं अंगण. ठमी डिंकाची बाटली धरून उभी होती. “छान झालं ना?” म्हटलं. “हो,” म्हणाली.

दिवे लागायच्या आत तयार! काय सुरेख झालंय. पडद्याला चुण्यासुद्धा आहेत.

हे दुकानातून आले, बघून म्हणाले, “कुणाचं आहे?”

मी म्हटलं, कुणाचं म्हणजे? ठमीचं!

२४ ऑगस्ट, शनिवार

लिहायची इच्छा नाही. पण लिहिते.

मांडणी उत्तम झाली. पालकांची ही गर्दी. चपला-बुटाच्या लग्नापुढं तर रांग होती. बुचांच्या शाळेतल्या मोठ्या बुचाला सगळे ओळखत होते. हसून हसून बघत होते माझ्याकडे. मीही हसले.

मोठ्या बाई ठमीच्या टेबलापाशी आल्या. घर उचलून पडदा बघितला, चुण्या बघितल्या. “अरे वा! हे कुणी केलं?”

ठमी खोटं बोलत नाही. मीच शिकवलंय. हात मागे बांधून, सरळ उभी राहून, सगळ्या पालकांच्या देखत म्हणाली —

“बाईंनी केलं.”

मोठ्या बाईंनी घर खाली ठेवलं. माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. पुढच्या टेबलाकडे गेल्या. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. कुणीतरी पालक हळूच हसलं. माझे कान तापले होते. पण खरं सांगते, लाज त्यांची नाही वाटली. ठमी तशीच सरळ उभी होती. बरोबर उत्तर दिल्यावर मुलं उभी राहतात ना, तशी. आता माझ्याकडे बघत नव्हती.

२५ ऑगस्ट, रविवार

सकाळी तिच्या अंथरुणावर जाऊन बसले. म्हटलं, “ठमे, चुकलं माझं.”

ती भिंतीकडे वळली.

“मी दार कापायच्या आधी ते काय होतं?”

तशीच भिंतीकडे बघत तिनं सांगितलं. मी तिचेच शब्द लिहून ठेवते, बदल न करता.

“शाळा सुटल्यावर तू वह्या तपासतेस आणि मी वर्गात थांबते ना, तेव्हाचं. सगळे गेले तरी त्यांचं बोलणं वर्गात राहतं. लटकत. ते होतं.”

मी उगाच चादरीच्या चुण्या सारख्या करत बसले.

“मग तू दार केलंस. मग ते गेलं.”

पुन्हा करू या, मी हातही लावणार नाही, बघणारही नाही, म्हटलं. “नको,” म्हणाली. रागानं नाही. दुसरी पोळी नको म्हणावं तसं.

मी मोरीत जाऊन रडले. आठ वर्षांच्या मुलीच्या डोक्यात हे होतं, आणि मी त्याला पडदा लावला.

२८ ऑगस्ट, बुधवार

रिकामा तास चालू राहणार. मोठ्या बाईंनी मला बोलावून घेतलं. मला वाटलं, आता कान उपटणार. त्यांनी चहा मागवला. म्हणाल्या, “माझ्या मुलाची प्रयोगवही बारावीपर्यंत मी लिहायचे. अक्षर सुरेख ना माझं.” एवढंच. मग दोघी चहा प्यायलो.

घरी ठरवून टाकलंय — ठमीच्या कामाला हात लावायचा नाही, विचारायचं नाही, ‘छान’ म्हणायचं नाही. हे म्हणाले, जमेल? म्हटलं, शाळेत दोन महिन्यांत अकरावरून शून्यावर आलेय मी!

२ सप्टेंबर, सोमवार

ठमी आज जेवताना म्हणाली, “मला दुसऱ्या तुकडीत जायचंय.”

घास हातातच राहिला. का गं, विचारलं. “असंच.” ह्यांनी माझ्याकडे बघितलं. मी भांडले नाही. आश्चर्य आहे, पण नाही भांडले. उद्या मोठ्या बाईंशी बोलते म्हटलं.

समजू शकते मी. सगळ्यांसमोर तसं झाल्यावर तिला त्याच वर्गात अवघडल्यासारखं होत असणार. तिकडच्या गोंधळात एका घुम्या मुलीला कोपऱ्यात बसता येईल, कुणाचं लक्ष जाणार नाही. हवं तेवढं बसू दे.

७ सप्टेंबर, शनिवार

ठमीचा बाक रिकामा. आज पस्तीस मुलं. मी खिडकीत बसून राहिले, एक अक्षर बोलले नाही. जड गेलं नाही. पलीकडच्या तुकडीतून आज नेहमीपेक्षा जास्तच कालवा ऐकू येत होता. धाकट्या बाईंना सांगायला हवं, निदान दार तरी लावून घ्या.

१४ सप्टेंबर, शनिवार

घरी शांत आहे सगळं. मी विचारत नाही, ती सांगत नाही. टेबलावर दोरे आणि खोकी ठेवली आहेत, कुणी हात लावलेला नाही. मी रोज पुसताना उचलते आणि होती तशीच ठेवते. घाई नाही. घुम्या मुलांना वेळ लागतो. मी थांबणार आहे. आता थांबता येतं मला.

२१ सप्टेंबर, शनिवार

शाळा सुटताना जिन्यात धाकट्या बाई भेटल्या. केसांत चिंधीचा तुकडा, हाताला डिंक. मी दाराचं बोलणार, तेवढ्यात त्यांनीच माझा हात धरला. “अहो ताई, तुमची लेक म्हणजे ना! तोंडाला म्हणून खळ नाही. अख्खा वर्ग डोक्यावर घेते. आज सगळ्यांना बाकांखाली झोपवलं आणि म्हणे, आता छत म्हणजे जमीन. हसून हसून माझं पोट दुखलं. घरीही अशीच असेल, नाही?”

हो, म्हटलं. घरीही अशीच.