गाडीच्या पुढे चालणारा

२७ ऑक्टोबर

मालन, लिहायला फार उशीर झाला, रागावू नकोस. दिवाळीच्या आधी लिहीन म्हणालो होतो आणि दिवाळी सरलीसुद्धा. फोनवर तुला ऐकू येत नाही, त्यात तुमच्या वाडीत रेंज नाही, म्हणून वही घेतली आहे. रोज थोडं थोडं लिहीन आणि सगळी पानं एकदम पाठवीन. तुझा हा भाऊ सातवीपर्यंतच शिकलेला, चुकलंमाकलं सांभाळून घे.

दहिसरची खोली सोडली. चाळ पाडून टॉवर बांधणार आहेत, तोवर मी मुलुंडला प्रीतमकडे. चौदावा मजला! खिडकीतून हिरवा डोंगर दिसतो आणि वारा असा येतो की कॅलेंडर भिंतीवर राहत नाही. मला वेगळी खोली आहे. ती नातीची, प्रांजलची होती, तिने मला दिली. तिचं टेबल अजून इथेच आहे, ती हॉलमध्ये अभ्यास करते, पण तोंड वाकडं करत नाही. सूनबाईने, दर्शनाने, माझ्यासाठी कोरी चादर घातली. मला नेहमीचीच धास्ती. लिफ्ट मध्येच अडकली तर, गॅस चालू राहिला तर. दर्शना म्हणाली, बाबा, किती वेळा उठून बघाल, तो पाइपचा गॅस आहे, पडा आता निवांत.

आणि पाडव्याला नवी गाडी आली. पांढरीशुभ्र. मी म्हटलं, आपल्यात देवाला गाऱ्हाणं घातल्याशिवाय नवी वस्तू वापरत नाहीत. गावाला हे काम भाऊ घाडीचं. इथे घाडी कुठून आणायचा? मग मीच नारळ हातात धरून पार्किंगमध्ये उभा राहिलो आणि गावच्या सीमेवरच्या राखणदाराला हाक घातली. बा राखणदारा महाराजा, तुझ्या लेकरान आज नवी गाडी हाडल्यान हा, तिची राखण कर. ह्या घरातली ही माणसां तुझी, असं म्हणून प्रीतम, दर्शना, प्रांजल अशी नावं घेतली. ह्या घराच्या वाटेत जो कोण आडवो येत असात, तेका बाजूक कर रे महाराजा! प्रीतम कानाशी म्हणाला, बाबा, आटपा, लोक बघतायत. प्रांजल मात्र मोठ्याने व्हय महाराजा म्हणाली आणि हसत सुटली. मला फार बरं वाटलं.

३० ऑक्टोबर

गाडीत कॅमेरा आहे. बाहेरून आणून चिकटवलेला नव्हे, गाडीतच बसवून आलेला. एक डोळा आरशामागे, एक मागच्या काचेपाशी. गाडी सुरू झाली की रस्त्याचं चित्र आणि आत बोललेलं सगळं आपोआप साठतं. उभ्या गाडीला कोणाचा धक्का लागला तरी तो जागा होतो. जुन्या गाडीच्या वेळी चेकनाक्यावर एक बाइकवाला स्वतःच येऊन आपटला होता आणि वर प्रीतमचीच कॉलर धरली होती. म्हणून आता हा पुरावा. प्रीतम म्हणाला, आता येऊ दे कोण येतो तो.

आज बॉनेटवर चरा दिसला. प्रीतमला शेजारच्या धवलभाईचा संशय आहे. तो आपली स्कूटर नेमकी आमच्या गाडीपुढे आडवी लावतो. प्रीतमने सगळी चित्रं पेन ड्राइव्हवर घेतली, तो टीव्हीला लावला, रिमोट माझ्या हातात दिला आणि म्हणाला, तुम्हाला दिवसभर काय काम असतं बाबा, हे बघत बसा आणि चरा कोणी मारला ते शोधा, रोज रात्री नवी चित्रं भरून देईन. काय काम असतं, हे जरा लागलं. पण मालन, गिरणी बंद झाल्यापासून मला कोणी काम म्हणून सांगितलेलं नाही.

२ नोव्हेंबर

चरा मारणारा सापडला नाही. दुसरंच कोणी सापडलं.

चित्र ऐरोलीच्या पुलाचं होतं. भर दुपार, ऊन, गाडी चांगली पळत होती. आणि गाडीच्या पुढे एक माणूस चालत होता. पाठमोरा. खांद्यावर घोंगडी, हातात उंच काठी, पायात वहाणा. आपण शेतावर जातो तशी त्याची चाल, आणि तरी गाडी त्याला गाठत नव्हती. प्रीतमने वेग वाढवला तरी अंतर तेवढंच. मी दुसरं चित्र लावलं, भाजी मार्केटकडचं. तिथेही तो पुढेच.

मी ओळखलं. लहानपणी आपण दोघं सड्यावर, त्या उघड्या माळावर, वाट चुकलो होतो, तेव्हा पुढे काठीचा आवाज येत राहिला आणि आपण त्यामागून घरी पोचलो, आठवतं? माझ्या एका हाकेवर तो गावची सीमा सोडून एवढ्या लांब आला. टीव्हीसमोर मी हात जोडले. प्रांजलला बोलावून दाखवलं. ती म्हणाली, आबा, काचेवर डाग असेल, नाहीतर तुमच्या चष्म्यावर.

गावाला त्याला वहाणा ठेवतात, चालून चालून त्याच्या झिजतात म्हणून. मी माझ्या कोऱ्या कोल्हापुरी वहाणा, भाकरी आणि विडीचं बंडल गाडीमागे ठेवून आलो. वॉचमन कुरकुरला, काका, इधर कचरा मत करो.

६ नोव्हेंबर

वहाणा आज पाहिल्या. तळवे झिजून भोकं पडली आहेत. चार दिवसांत.

कालच्या पार्किंगच्या चित्रात तो चालत नव्हता. धवलभाईने नेहमीसारखी स्कूटर आडवी लावली, तिचा धक्का आमच्या गाडीला लागला, त्याने कुलूप लावलं, आमच्या गाडीकडे बघून थुंकला. राखणदार त्याच्या मागे काठी टेकून उभा. हात उगारला नाही, काही नाही. नुसता उभा.

आज सकाळी धवलभाई पार्किंगच्या उतारावरून घसरला. खुब्याचं हाड मोडलं. स्ट्रेचरवर घालून नेताना तो सारखं म्हणत होता की मध्ये काठी कोणी घातली. तिथे काठी नव्हती. स्कूटर त्याच्या मुलाने दुसरीकडे हलवली. दर्शना म्हणाली, बोलू नये असं, पण जागा मोकळी झाली बाई एकदाची. प्रीतम हसला.

मी जेवलो नाही. आडवा येईल त्याला बाजूला कर, हे शब्द माझेच. पण मला मोडकी हाडं नको होती. बाजूला कर म्हणजे काय, ते राखणदाराला मी कुठे सांगितलं होतं?

९ नोव्हेंबर

आज हे लिहू नये असं वाटत होतं. पण तुला नाही तर कोणाला सांगू?

शुक्रवारचं चित्र लावलं. गाडीत दोघंच होती, प्रीतम आणि दर्शना, लिंक रोडवर. चित्राबरोबर बोलणंही येतं हे त्यांच्या ध्यानात नसावं. नाहीतर माझंच काम आहे ते बघायचं, हे विसरली असतील. प्रीतमला कंपनी दोन वर्षं सिंगापूरला पाठवते आहे, सगळ्या घराला घेऊन. मला कोणी सांगितलं नव्हतं. दर्शना म्हणाली, आणि बाबांचं काय करणार आहेस? प्रीतम म्हणाला, बघू ना. ती म्हणाली, बघू बघू करत वर्ष जाईल, पोरगी बारावीला हॉलमध्ये बसते, आता हे. सगळ्यात बाबा आडवे येतात रे. तुला दिसत नाही का?

मी वाट बघत होतो. आता म्हणेल, तोंड सांभाळ. आता म्हणेल, माझा बाप आहे तो. एक सिग्नल गेला, दुसरा गेला.

मग प्रीतम म्हणाला, दिसतंय गं.

एवढंच. रागाने नाही. दमलेला होता.

आणि पुढे चालणारा थांबला. इतक्या दिवसांत पहिल्यांदा. गाडी चालूच होती आणि तो उभा, तरी अंतर तेवढंच. मग तो वळला. तोंडावर घोंगडीची सावली होती. ऊन एवढं, तरी तोंड दिसलं नाही. पण तो गाडीतल्या दोघांकडे बघत नव्हता. तो टीव्हीतून या सोफ्याकडे बघत होता. मी बसतो त्या कोपऱ्याकडे.

११ नोव्हेंबर

माझं काय चुकलं ते कळलं. गाऱ्हाणं घालताना मी तिघांची नावं घेतली. माझं घेतलं नाही. आपलंच नाव आपण कसं घ्यायचं? मागणं दुसऱ्यासाठी मागायचं असतं. गावाला म्हणूनच घाडी असतो. तो सगळ्यांची नावं घेतो, मागणाऱ्याचंसुद्धा. इथे मीच घाडी, मीच मागणारा. माझं नाव घ्यायला कोणी उरलाच नाही.

त्याच्या लेखी या घरात तीन माणसं. आणि वाटेत एक आडवा.

त्याला दोष देत नाही. त्याने धन्याचं ऐकलं. धनी म्हणाला, दिसतंय.

प्रीतमला सांगितलं, खाली चल, गाडीपाशी उभा राहून एकदाच म्हण, काशीराम आमच्या घरातला. तो म्हणाला, बाबा, हे काय काढलंत नवीन? मी पाया पडायला निघालो तेव्हा दचकला, म्हणाला, रविवारी, नक्की, आता मीटिंग आहे. गेटवरच्या वॉचमनच्या मोबाइलातही मी अजून पाहुणाच आहे. दर वेळी वर फोन करून विचारतो, काका को छोडूँ क्या? तिथे नाव घालायचंही राहिलं, प्रीतम म्हणाला.

१२ नोव्हेंबर

लिफ्टमधून उतरताना पायात काठी आडवी आली. घोट्यावर वळ आहे. खाली बघितलं तर फरशी. भिंत धरली म्हणून वाचलो. शेजारीण म्हणाली, काका, या वयात एकटे फिरू नका.

१३ नोव्हेंबर

स्वतःच नारळ घेऊन गेलो. स्वतःचं नाव मोठ्याने घेतलं. काशीराम, काशीराम. वॉचमन बघत राहिला. नारळ फोडला. आतून काळा, घाण पाणी. हाताचा वास अजून जात नाही.

प्रांजल येते म्हणाली होती. आबा, मी म्हणते ना तुमच्यासाठी, त्यात काय एवढं. क्लास लांबला. मग टेस्ट आहे म्हणाली. पोर वाईट नाही. कोणीच वाईट नाही इथे —

१४ नोव्हेंबर

आजच्या चित्रात तो नाही.

सगळी लावून बघितली. रस्ता मोकळा. लिंक रोड मोकळा, पूल मोकळा. मागच्या डोळ्यातही नाही. पुन्हा पुन्हा बघितलं. प्रीतम म्हणाला, पुरे करा बाबा, धवलभाई तर हॉस्पिटलमध्ये आहे, आता काय शोधताय?

गाडीपुढे नाही. मग कुठे —

१५ नोव्हेंबर

दारातल्या चपलांत माझ्या त्या झिजक्या वहाणा आहेत. मी वर आणलेल्या नाहीत. शांताबाई, आमची कामवाली, म्हणाली, आजोबा, ह्या कोणाच्या, टाकून देऊ? मी नको म्हटलं. हात लावू नको म्हटलं.

दुपारी सगळी बाहेर. पॅसेजमध्ये ठक्. थांबून ठक्. माझ्या दारापर्यंत येतं आणि थांबतं. आत येत नाही. का येत नाही?

अजून कोणी पुरतं म्हटलं नाही म्हणून. दिसतंय म्हणाला फक्त. जा म्हणाला नाही.

१६ नोव्हेंबर, रविवार

सकाळीच प्रीतम खोलीत आला, पलंगावर बसला. कित्येक वर्षांत असा जवळ बसला नव्हता. बदलापूरच्या पुढे एक जागा आहे म्हणाला. बाग आहे, डॉक्टर आहे, तुमच्या वयाची माणसं आहेत. नुसती बघून येऊ. मी म्हटलं, आज रविवार. तू खाली येऊन माझं नाव घेणार होतास. तो म्हणाला, हो हो, घेतो की, तिथे फॉर्मवर घ्यायचंच आहे. मग उठून बाहेर गेला. दर्शनाने माझी पिशवी भरली आहे. नुसतं बघायला जायचं, तर पिशवी कशाला?

बाहेरून म्हणाला, चला बाबा —

ठक् थांबलं आहे. दाराला लागून आहे. खालच्या फटीत सावली, दोन पाय आणि मधे तिसरं.

शांताबाई स्वयंपाकघरात आहे. माझ्या खोलीचं दुसरं दार ओट्याकडे उघडतं, तिथून तिला हाक मारली, तीच पानं घेऊन जाईल, पोस्टात टाकीन म्हणाली. ती चप्पल घालून उभी आहे, घाई करते आहे. तिला पॅसेजमध्ये काही दिसत नाही —

मालन, तू सासरची. तुझ्या तोंडून नाव चालणार नाही. नाहीतर तुलाच सांगितलं असतं. भाऊ घाडीला गाठ. आजच. पाय धर. सीमेवर जाऊन एवढंच म्हण म्हणावं की काशीराम घरातला. प्रीतमच्या घरातला नसला तर गावच्या घरातला, बापाच्या घरातला, कुठल्यातरी घरातला —

प्रीतम दुसऱ्यांदा हाक मारतो आहे. म्हणतो, आज रस्ता एकदम मोकळा आहे बाबा, कोणी आडवं येणार नाही.

भाऊने नाव घेतलं की लगेच कळव. दोन ओळी पुरेत. लवकर कळव गं. पत्ता पाकिटावर आहे, आणि मी या पत्त्यावर नसलो तर —