हुबदादाचे लाकडी बूट

डेन बॉश, नोव्हेंबर १९१५

प्रिय बाबा,

मी बरी आहे, वेळेवर जेवते. आईचा खोकला कसा आहे?

परवा वर्गात मी आपल्या गावाच्या इतिहासावरचा माझा निबंध वाचून दाखवला. अडीचशे वर्षांपूर्वी सरकारनं आपलं कॅथलिक चर्च बंद केलं, तेव्हा अख्खं गाव सीमेपलीकडे प्रार्थनेला जाई. सीमेनं आपल्याला कधी अडवलं नाही, असं मी लिहिलं होतं. बाईंनी शाबासकी दिली. त्याच संध्याकाळी तुमचं पत्र आलं.

जर्मनांनी सीमेवर लावलेली विजेची तार लाकडी बुटानं दाबून ओलांडायला गेला आणि हुबदादा तिथंच संपला. ही अक्कल त्याला कुणी दिली, असं तुम्ही विचारलंत.

मी, बाबा. सुट्टीत तो म्हणाला होता, "मास्तरीणबाई, पलीकडे जर्मनांच्या ताब्यात आजी उपाशी आहे. तुझं पुस्तक काय म्हणतं?"

"लाकडातून वीज जात नाही."

पुस्तकात 'कोरड्या लाकडातून' होतं. त्याचे बूट तर सदा चिखलात भिजलेले.

हे आईला तुम्ही सांगू नका. शनिवारी येऊन मीच सांगेन.

तुमची,
कोर्नेलिया